सही करण्यापूर्वी

घरात नवे वाहन येते तो दिवस सणाचा असतो. हँडलला झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू जाते, शेजारीपाजारी पेढे पोचतात, आणि कागदपत्रांची पिशवी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर जाऊन बसते. ती पुन्हा खाली येते ती बहुधा काही बिघडल्यावरच. या स्तंभात आपण घरखर्च, घरातील वस्तू आणि घरातील माणसे यांविषयी वेळोवेळी बोलत आलो आहोत. आज त्या वरच्या फळीवरच्या पिशवीविषयी बोलावयाचे आहे. आणि ते बोलताना माझी स्वतःची एक चूकही आपणापुढे ठेवावयाची आहे.

आमचे घर काशीचे. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा गंगाकाठचा भाग पेशवाईपासून मराठी कुटुंबांनी गजबजलेला आहे. नाना फडणविसांचा वाडा याच वस्तीत आहे. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर बनारसी बोली आणि पूजाघरात संस्कृत अशा तीन भाषांत आम्ही भावंडे वाढलो. पुढे मला दिल्लीस भाषांतराचे काम मिळाले. धाकटा भाऊ मात्र आईपाशी राहिला व गंगेपलीकडे रामनगरला एका खाजगी शाळेत गणित शिकवू लागला. राजघाटचा मालवीय पूल ओलांडावयाचा, पडावच्या तिठ्यावरून उजवीकडे वळावयाचे आणि शाळा गाठावयाची, असा त्याचा रोजचा प्रवास. मालवीय पूल दुमजली आहे. खालून आगगाडी व वरून रस्ता. १८८७ मध्ये तो डफरिन पूल या नावाने वाहतुकीस खुला झाला. त्यावर एखादे वाहन अडले म्हणजे मागे काय रांग लागते हे ज्याने एकदा पाहिले, तो ते विसरत नाही.

शेअर रिक्षाच्या भरवशावर शाळेची वेळ साधेना, म्हणून भावाने मोटारसायकल घेण्याचे ठरविले. पैसे थोडे कमी पडत होते. आईने काही न बोलता हातातल्या दोन पाटल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. "हातात राहून त्या काय करणार आहेत? तू वेळेवर पोच म्हणजे झाले," एवढेच ती म्हणाली. दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी होतो. गाडी आणावयास निघालो तेव्हा आईने मला दारातच सांगितले, "कागद तू वाच. त्याला घाई असते. तुझा तर तो धंदाच आहे."

एजन्सीत त्या दिवशी मुहूर्ताची गर्दी होती. भावापुढे सात-आठ कागद आले. त्यांतील एकावर बारीक अक्षरांत असे छापलेले होते की, ग्राहकाने गाडी सर्व बाजूंनी तपासली आहे, वॉरंटीच्या अटी त्यास समजावून सांगण्यात आल्या आहेत व त्याचे पूर्ण समाधान झाले आहे. वास्तविक गाडी अजून गोदामातून बाहेरही आली नव्हती. भावाने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "कर रे सही. नेहमीचाच मजकूर असतो."

वाचकहो, ही ती चूक. ज्याचे पोट शब्दांचा अर्थ लावण्यावर चालते, त्याने आपल्या भावाला न वाचता सही करावयास सांगितले. त्याच महिन्यात ग्राहकांच्या हक्कांवरील एका पत्रकाचे मराठी रूपांतर मी तपासून दिले होते, हे सांगावयास आज संकोच वाटतो.

गाडीला काळभैरवाचा काळा गंडा बांधला गेला आणि मी दिल्लीस परतलो. पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले. नंतर गाडी चालता चालता बंद पडू लागली. घरून निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन आचके देई आणि मरून जाई. दहा मिनिटे थांबले की जणू काही घडलेच नाही अशी पुन्हा सुरू होई. सकाळी हे पडावच्या पुढे घडे, संध्याकाळी येताना पुलावर. मागचे लोक भोंगे वाजवीत, आणि भाऊ दोन्ही हातांनी गाडी ढकलीत पुलाच्या टोकाशी आणी.

सर्व्हिस सेंटरला त्याच्या पाच खेपा झाल्या. पहिल्या खेपेस उत्तर मिळाले, "नवी गाडी आहे, चालवून चालवून बसेल." दुसऱ्या खेपेस थंडीचे कारण निघाले. तिसऱ्या खेपेस पेट्रोलात पाणी असल्याचे सांगून सफाईचे पैसे घेण्यात आले. चौथ्या खेपेस गाडी दोन दिवस ठेवून घेतली व "आम्ही चालवून पाहिली, काही दोष नाही" असे म्हणून परत दिली. पाचव्या खेपेस काउंटरवरच्या गृहस्थांनी भावाला असे विचारले की, गाडी चालविण्याची सवय आहे ना?

इकडे शाळेत निराळेच चालले होते. हजेरीपत्रकावर उशिराच्या लाल खुणा वाढत होत्या. 'गाडी बंद पडली' ही सबब जगात इतकी जुनी झाली आहे की, ती खरी असली तरी कोणास खरी वाटत नाही. मुख्याध्यापकांनी भावाकडून लेखी खुलासा मागितला. त्याची नेमणूक कराराची, वर्षाच्या अखेरीस नूतनीकरण व्हावयाचे. हे सारे त्याने मला कळविले नाही. आईनेच एके रात्री दूरध्वनीवर सांगितले, "तो हल्ली जेवताना बोलत नाही. पाटल्यांची मला खंत नाही रे. पण त्या गाडीकडे पाहिले की तो मान खाली घालतो."

माघ महिन्यात मी घरी गेलो आणि वरच्या फळीवरची ती पिशवी खाली काढली.

पाच खेपांची पाच जॉब कार्डे तीत होती. ती मी ओळीने मांडून वाचली, आणि सगळा घोटाळा डोळ्यांपुढे उभा राहिला. भावाने दर वेळी तोंडाने सांगितले होते की, गाडी चालताना बंद पडते. कार्डावर मात्र एकदा 'सामान्य तपासणी', एकदा 'धुणे व ऑइलिंग', एकदा 'पेट्रोल यंत्रणा सफाई' असे लिहिलेले होते. बंद पडण्याचा उल्लेख एकाही कार्डावर नव्हता. आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी 'काम समाधानकारक झाले' या छापील ओळीखाली भावाची स्वच्छ सही होती. कागदाच्या भाषेत सांगावयाचे तर या गाडीविषयी कधी तक्रार झालीच नव्हती. उलट तिचा मालक पाच वेळा संतुष्ट होऊन घरी गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या मागे बसून निघालो. मैदागिनच्या अलीकडेच गाडी थांबली. जवळच एका वृद्ध मिस्त्रींचे छोटेसे दुकान होते. त्यांनी गाडीस हात लावला नाही. फक्त किती वेळाने बंद पडते, किती वेळाने सुरू होते, टाकी भरलेली असताना लवकर बंद पडते की रिकामी असताना, असे तीन प्रश्न विचारले. भाऊ म्हणाला, टाकी भरलेली असली म्हणजे लवकर. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "टाकीचे झाकण उघडा." भावाने किल्ली फिरविली तोच आत हवा शिरल्याचा 'स्सस्' असा लांब सुस्कारा ऐकू आला. झाकण लावले आणि गाडी पहिल्याच दाबास सुरू झाली. मिस्त्री हसून म्हणाले, "भैया, गाड़ी को साँस नहीं मिल रही है."

यातले शास्त्र आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना गृहिणी त्याला एक भोक पाडीत नाही, दोन पाडते. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरे भोक नसेल तर तेल अडखळत येते व शेवटी थांबते. मोटारसायकलच्या टाकीचेही तसेच आहे. पेट्रोल जितके खर्च होईल तितकी हवा आत यावी लागते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली. पेट्रोलची वाफ मोकळ्या हवेत जाऊ नये म्हणून नव्या गाड्यांत टाकीपासून एक नळी कोळशाचे दाणे भरलेल्या छोट्या डब्याकडे नेलेली असते. वाफ तिथे शोषली जाते. ही वाट कोठे चेपली गेली की टाकीत निर्वात अवस्था निर्माण होते आणि पेट्रोल पुढे सरकेनासे होते. टाकी भरलेली असेल तर वर हवेला जागा थोडी, म्हणून गाडी लवकर गुदमरते. थोडा वेळ थांबले की फटीतून हळूहळू हवा शिरते व गाडी पुन्हा चालू होते. आणि कार्यशाळेत दोष का दिसत नसे, तेही उलगडले. तिथे गाडी येताच पहिल्याने टाकीचे झाकण उघडून पेट्रोल पाहिले जाई. रोग्याने दवाखान्याच्या पायरीवरच बरे व्हावे, त्यातला हा प्रकार.

मी म्हणालो, "मग आपणच नळी सरळ करून द्या." मिस्त्रींनी मान हलविली. त्यांचे म्हणणे असे की, आज आपण टाकी उतरविली तर उद्या एजन्सी म्हणेल, गाडी बाहेर खोलली, वॉरंटी संपली. "पाच मिनिटांचे काम आहे, पण ते ज्याचे आहे त्यानेच केले पाहिजे. तुम्ही लिहिणारे आहात ना? मग जाऊन लिहा." पैसे त्यांनी घेतले नाहीत.

त्या रात्री भावाने व मी मिळून एक पत्र लिहिले. त्यात राग नव्हता आणि निदानही नव्हते. होती ती केवळ लक्षणे. कोणत्या तारखेस, किती किलोमीटर झाले असता, निघाल्यापासून किती मिनिटांनी गाडी बंद पडली. टाकीचे झाकण उघडल्यावर कसा आवाज येतो व नंतर ती कशी लगेच सुरू होते. पाच खेपांच्या तारखा व जॉब कार्डांचे क्रमांक. तिसऱ्या खेपेस घेतलेले पैसे. आणि शेवटी, अमुक दिवसांत दोष दूर करून तो जॉब कार्डावर लिहून मिळावा ही मागणी. पत्राची एक प्रत एजन्सीच्या मालकांस पोच घेऊन दिली, दुसरी कंपनीच्या तक्रार विभागास पाठविली, आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच वहीत टिपून ठेवला.

अकराव्या दिवशी कंपनीचे अभियंते आले. टाकी उतरविली तेव्हा ती हवेची नळी आधाराच्या पट्टीखाली दबून चपटी झालेली आढळली. नळी बदलली, तिची वाट सरळ केली. सगळे काम पाव तासाचे. पाव तासाच्या कामासाठी तीन महिने गेले होते! भावाने या खेपेस सही करण्यापूर्वी गाडी रामनगरपर्यंत नेऊन आणली. कार्डावर दोष कोणता होता व काय बदलले ते लिहून घेतले. तिसऱ्या खेपेचे पैसेही परत मिळाले. निघताना कार्यशाळेतला एक तरुण कारागीर त्याला बाजूस घेऊन म्हणाला, "सर, दिवसाला इतक्या गाड्या हातावेगळ्या करायला सांगतात की, कार्डावर लिहिले असेल तेवढेच आम्ही पाहतो." त्या मुलाचा मला राग आला नाही. त्याच्याही हाती कोणीतरी अर्धाच मजकूर देत होते.

त्या जॉब कार्डाची प्रत भावाने मुख्याध्यापकांपुढे ठेवली. तो खोटे बोलत नव्हता, हे सांगणारा तो एकच कागद होता. ते कार्ड वाचून त्यांनी मागितलेला खुलासा मिटवून टाकला. नळीपेक्षा ही दुरुस्ती मला मोठी वाटते.

आता थोडे मागे वळून पाहू. आमच्या आजोबांच्या व वडिलांच्या काळी वाहन मिळणे हीच कृपा होती. परवान्यांच्या त्या दिवसांत उत्पादनावर मर्यादा होती; पुण्याजवळ आकुर्डीस तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. इतक्या प्रतीक्षेने हाती आलेल्या वस्तूविषयी तक्रार करणे म्हणजे प्रसादाला नावे ठेवण्यासारखे वाटे. आज दुकाने ओसंडून वाहत आहेत, हप्त्यांची सोय आहे, विक्रेता दारापर्यंत येतो; तथापि ग्राहकाच्या मनातली ती जुनी भीड पुरती गेलेली नाही. वस्तू घेताना आपण राजे असतो आणि तक्रार करताना याचक होतो.

ही भीड मोडण्याचे काम आपल्याकडे काही मंडळींनी चिकाटीने केले. मुंबईत १९६६ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन झाली. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. बिंदुमाधव हे आमच्या पंचगंगा घाटावरील दैवताचे नाव. काशीच्या मराठी माणसास हा योगायोग सुखावतो. अशा प्रयत्नांचे फलित म्हणजे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यास २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्यातील काही गोष्टी प्रत्येक कुटुंबास ठाऊक असाव्यात. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क पडत नाही. आपण जेथे राहतो वा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय दूरच्या शहरी असले म्हणून तिकडे धावावे लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. समोरच्या पक्षास उत्तरासाठी ३० दिवस व फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही मर्यादा बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले. प्रकरण तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकालात काढावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा याहून अधिक काळ जातो, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. म्हणूनच १९१५ ची वाट आधी चोखाळावी. तो क्रमांक म्हणजे न्यायालय नव्हे, त्यास हुकूम देता येत नाही. तो तक्रार कंपनीपर्यंत पोचवितो व तिचा पाठपुरावा करतो. पुष्कळ गोष्टी तेवढ्यानेच मार्गी लागतात.

आणखी एक भ्रम दूर करावयास हवा. 'वॉरंटी आहे, म्हणजे नवी गाडी बदलून मिळेल' असे अनेकांस वाटते. वॉरंटीपत्रात सामान्यतः वचन असते ते सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे. २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दांवर बोट ठेवले व सबंध मोटार बदलून देण्याचा आदेश कायम केला नाही. झीज होणारे भाग, जसे ब्रेकचे गुटके, साखळी, दिवे, बहुधा हमीबाहेर असतात. दोष एकाच गाडीत नसून सबंध उत्पादनात असेल तर गोष्ट वेगळी. अशी वाहने परत बोलावून दुरुस्त करण्यास उत्पादकास भाग पाडण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आली व तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले.

भाषांतरकार म्हणून वॉरंटीपत्रातील चार शब्दांकडे आपले लक्ष वेधतो : 'जे आधी घडेल ते'. पहिली सर्व्हिस अमुक किलोमीटर किंवा अमुक दिवस, जे आधी घडेल ते, असे तेथे लिहिलेले असते. गाडी फार चालली नाही म्हणून लोक निश्चिंत राहतात आणि दिवसांची मुदत मागल्या दाराने निघून जाते. मग हमीही तिच्याबरोबर जाते. नव्या इंजिनात घासून निघालेले धातूचे बारीक कण पहिल्या तेलात उतरतात; ते तेल वेळेवर बदलणे इंजिनाच्याच हिताचे असते.

आता गाडी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. गाडी उजेडात उभी करून, सुरू करून, थोडी चालवून मगच ताबापत्रावर सही करावी. चासी व इंजिनाचा क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा व नंतरचे दोन वर्ष सांगतात. दोन्ही किल्ल्या, पुस्तिका, विम्याचा कागद व पक्की पावती मागून घ्यावी. तक्रार करताना वैद्यापुढे सांगतो तशी लक्षणे सांगावीत, औषध आपण सुचवू नये; आणि ती आपल्या शब्दांत कार्डावर उतरल्याखेरीज गाडी सोडू नये. प्रत्येक जॉब कार्डाची प्रत जपावी. काम झाल्यावर गाडी चालवून पाहावी. दोष राहिला असेल तर 'समाधानकारक' या शब्दाखाली सही न करता शेजारी स्वच्छ अक्षरांत 'तक्रार कायम' असे लिहावे. या दोन शब्दांना काही खर्च येत नाही.

न्याय दोन्ही बाजूंनी पाहिला पाहिजे. प्रत्येक बिघाडास विक्रेताच कारण असतो असे नाही. नवी गाडी पहिल्याच दिवशी बेफाम पिटाळणे, सर्व्हिस चुकविणे, स्वस्तातले भलतेच तेल घालणे, जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने विजेच्या जोडण्या भिजविणे ही पापे आपल्याही पदरी असतात. आपली वही स्वच्छ असेल तरच दुसऱ्याच्या वहीकडे बोट दाखविता येते. आणि रागाच्या भरात कारागिराला घालूनपाडून बोलल्याने काहीही साधत नाही. आमच्या भावाने पाच खेपांत दोनदा आवाज चढविला होता. त्या दोन खेपांचा मोबदला शून्य. शांतपणे लिहिलेल्या एका पत्राने जे झाले, ते आपण वर वाचलेच.

संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका याच काशीत शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये पुरी केली. संस्कृतात मिटून राहिलेले ज्ञान सामान्य माणसाच्या बोलीत उतरले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कोठे तो ग्रंथराज आणि कोठे मोटारसायकलचे हमीपत्र! तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ज्या कागदावर माणसाची जन्माची पुंजी अवलंबून असते, तो त्याला समजेल अशा भाषेत व वाचता येईल अशा अक्षरांत असावा, एवढी मागणी त्या नगरीत राहून करावीशी वाटते. आणि जोवर ती पुरी होत नाही, तोवर घरातल्या शिकलेल्या माणसाने तो कागद इतरांस वाचून दाखविणे हे त्याचे कर्तव्यच आहे. ते मी दसऱ्याच्या दिवशी चुकविले.

परतण्यापूर्वी एका रविवारी भाऊ आईला गाडीवर बसवून राजघाटापर्यंत फिरवून घेऊन आला. पायऱ्या उतरून घरात आल्यावर तिने पदराने तोंड पुसले आणि मला विचारले, "आता कागदांवर सगळे बरोबर लिहिले आहे ना?" मी म्हणालो, "हो. वाचून दाखवू?" ती तिथेच पाटावर बसली आणि म्हणाली, "दाखव."

मी ते जॉब कार्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिला मराठीत वाचून दाखविले. सही सर्वांत शेवटी होती.